सिस्टर, गाडी बाजूला घ्या

नर्सला ट्रॅफिक पोलीस सोडून देतात, हा समज आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात चांगला रुळलेला आहे. युनिफॉर्म दिसला, गळ्यातले आयकार्ड पुढे केले, "साहेब, ड्युटीला उशीर होतोय" एवढे म्हटले, की हवालदार हात हलवून जाऊ देतो. घाटी या सरकारी रुग्णालयात, चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, सिडकोतल्या आणि जालना रोडवरच्या खासगी दवाखान्यांत काम करणाऱ्या काही सिस्टर याला दुजोरा देतात. काही जणी मात्र वैतागून सांगतात, की कार्ड दाखवले, हात जोडले, तरी चलन फाटलेच. दोन्ही खरे असणार. प्रश्न फक्त एका चलनाचा असता, तर त्यावर एवढे लिहायची गरज नव्हती. पण ही सवलत कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही आणि तिने नर्सचे खरोखर भले होते का, हे पाहू लागलो की शहर, दवाखाना आणि पोलीस यांच्यातली बरीच गुंतागुंत समोर येते.

आधी कायद्याचे बोलू, कारण तिथे उत्तर अगदी स्वच्छ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नर्स, डॉक्टर, वकील, पत्रकार यांपैकी कुणालाही वेगळी वागणूक नाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले. महाराष्ट्राने ते लगेच लागू केले नाहीत. राज्याची नवी तडजोड शुल्काची अधिसूचना निघायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. पण व्यवसायानुसार सूट ना मूळ कायद्यात होती, ना दुरुस्तीत आली. हेल्मेटच्या कलम १२९ मध्ये थेट सूट आहे ती पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तीला. ॲप्रनचा उल्लेख कुठेही नाही. हेल्मेट नसेल तर कलम १९४-ड खाली १,००० रुपये दंड आणि चालक तीन महिन्यांसाठी परवान्यास अपात्र, असे कायदा म्हणतो.

मग तातडीच्या सेवेला मुभा असते, हे आपण ऐकतो ते काय? ती मुभा आहे, पण ती वाहनाला आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी अशा वाहनांना, प्रत्यक्ष तातडीच्या कामावर असताना, दिवा आणि सायरन चालू ठेवून, वेग कमी करून लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी दिली आहे. अशा गाडीला वाट न देणाऱ्याला कलम १९४-इ खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे रुग्णवाहिकेत पेशंटशेजारी बसलेल्या सिस्टरसाठी अख्खा जालना रोड बाजूला सरकला पाहिजे. तीच सिस्टर आपल्या स्कूटीवरून ड्युटीला निघाली, की ती कायद्याच्या लेखी बाकीच्या वाहनचालकांसारखीच एक. गाडीवर लाल क्रॉस चिकटवल्याने यात फरक पडत नाही. मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. चेन्नईच्या पोलिसांनी मे २०२४ पासून गाड्यांवरच्या 'प्रेस', 'पोलीस', 'डॉक्टर' अशा स्टिकरांविरुद्ध कारवाई हाती घेतली, तेव्हा तिथले डॉक्टर न्यायालयात गेले. स्टिकरने काहीतरी मिळत असते, म्हणूनच ते सोडवत नाही.

उलट ज्यांच्या हाती अंमलबजावणी आहे, त्यांच्यावर कायदा जास्तच कडक आहे. २०१९ मध्ये आलेले कलम २१०-ब सांगते, की वाहतुकीचे नियम राबवणाऱ्यानेच नियम मोडला, तर त्याला दुप्पट दंड. ज्याला जास्त कळते त्याच्याकडून जास्त अपेक्षा, हा त्यामागचा विचार मला पटतो. हेल्मेट नसले की डोक्याचे काय होते, हे कॅज्युअल्टीतल्या सिस्टरइतके कुणाला ठाऊक असेल?

कायद्याने नर्सला रस्त्यावर दोन गोष्टी मात्र खरोखर दिल्या आहेत, आणि त्या फारशा कुणाला माहीत नसतात. पहिली म्हणजे अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याचे संरक्षण. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ मध्ये कलम १३४-अ आले. घरी जाताना बीड बायपासवर कुणी पडलेला दिसला आणि सिस्टरने थांबून रक्तस्राव रोखला, तर तिच्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी टाकता येत नाही. तिला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. दुसरी गोष्टही पहिलीसारखीच सगळ्यांसाठी आहे: २०१८ पासून परवाना आणि गाडीची कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवली तरी ती ग्राह्य धरली जातात. ड्युटीच्या घाईत पर्स बदलली, लायसन्स घरी राहिले, म्हणून विनवणी करण्याची वेळ आता यायला नको.

एक गैरसमज इथेच दूर करतो. सूर्यास्तानंतर बाईला पोलीस अडवू शकत नाहीत, असे बरेच जण सांगतात. कायद्यात जे आहे ते अटकेबद्दल आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नाकाबंदीत गाडी थांबवून कागद तपासणे ही अटक नव्हे. नाइटला निघालेल्या सिस्टरने तिथे थांबायलाच हवे. पोलिसांनीही तिला उजेडात, नीट बोलून, झटकन मोकळे करायला हवे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. चौकातला पोलीस आणि वॉर्डातली सिस्टर एकमेकांना अनोळखी नसतात. १९५६ पासून चाललेल्या घाटीत मराठवाड्यातून आणि बुलढाणा-जळगावकडूनही पेशंट येतात. त्यात अपघात, मारामारी, जळित, विषबाधा अशा एमएलसी (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या) केस रोजच्या. घाटीच्या आवारात पोलीस चौकी आहे. जबाब घ्यायला आलेला हवालदार "सिस्टर, पेशंट बोलायच्या स्थितीत आहे का?" असे विचारतो, तेव्हा त्याचे काम तिच्या उत्तरावर अडलेले असते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे रक्त डॉक्टरकडून काढून घ्यायचे, कपडे सीलबंद करायचे, मृताच्या वस्तूंची यादी करायची, या सगळ्यात दोन्ही खात्यांचा हात एकमेकांत गुंतलेला असतो. दोघांचीही ड्युटी सणासुदीला सुटत नाही. दोघांच्याही घरी मुले झोपल्यावर पोहोचणे नित्याचे. मिल कॉर्नरला किंवा क्रांती चौकात तीच सिस्टर समोर आली आणि पोलिसाने मान वळवली, तर त्यात लाचलुचपत शोधण्याची गरज नाही. ती माणसाची साधी ओळख आहे. कुणाची आई आयसीयूत असताना कुणीतरी रात्रभर जागले होते, हेही त्यात असते.

पण ओळख दोन्ही बाजूंनी ताणली जाऊ शकते. अमेरिकेतल्या युटा राज्यात २६ जुलै २०१७ रोजी ॲलेक्स वबल्स या नर्सने बेशुद्ध रुग्णाचे रक्त वॉरंटशिवाय पोलिसाला घेऊ दिले नाही, म्हणून तिला हॉस्पिटलमधूनच बेड्या घालून नेले. तिने दाद मागितली आणि पाच लाख डॉलरची भरपाई मिळवली. रस्त्यावर सवलत घेण्याची सवय झालेल्या सिस्टरला वॉर्डात पोलिसाला "नाही" म्हणणे जड जाईल, अशी मला भीती वाटते. वॉर्डात तिने पेशंटच्या बाजूने उभे राहायचे असते. त्यासाठी चौकातल्या उपकाराचे ओझे डोक्यावर नसलेले बरे.

नर्सला उघड आणि अधिकृत सवलत मिळाल्याचा एकच काळ आपल्या आठवणीत आहे, तो करोनाचा. २३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी लागली तेव्हा आयकार्ड हाच पास झाला. शहरात १० ते १८ जुलै २०२० या काळात कडक लॉकडाऊन पाळला गेला, तेव्हा रिकाम्या रस्त्यांवर बॅरिकेड ओलांडून जाणाऱ्यांत सिस्टर, ब्रदर (पुरुष नर्स), सफाई कामगार हेच बहुतेक होते. त्या काळात सगळीकडे सगळे सुरळीत नव्हते. एप्रिल २०२० मध्ये भोपाळच्या एम्समधल्या दोन तरुण डॉक्टरांनी ड्युटीवरून परतताना पोलिसांनी मारल्याची तक्रार केली होती. मुंबईत एप्रिल २०२१ मध्ये पोलिसांनी गाड्यांसाठी रंगीत स्टिकर काढले: वैद्यकीय सेवेला लाल, भाजी-किराण्याला हिरवे, इतर अत्यावश्यक कामांना पिवळे. ही पद्धत आठवडाभरात मागे घ्यावी लागली. रंगीत कागद कुणीही चिकटवू शकतो, आणि खरा कोण, खोटा कोण हे तपासायला गाडी थांबवावीच लागते. तरीही त्या दिवसांतली मुभा योग्य होती, कारण ती कामाला होती. रस्त्यावर असणे हाच तेव्हा नियमभंग होता आणि नर्सचे रस्त्यावर असणे गरजेचे होते. सिग्नल तोडणे तेव्हाही माफ नव्हते.

आज चौकात मिळणाऱ्या सवलतीची गोष्ट वेगळी आहे. तिची नोंद कुठेही होत नाही. ई-चलनात गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ, कलम असते. व्यवसायाचा रकाना नसतो. आणि ज्याला सोडले त्याचे तर चलनच नसते. परदेशात मात्र पोलिसांच्या माफीचा माग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. फ्लोरिडाच्या महामार्ग पोलिसांच्या नोंदी तपासणारा गोन्साल्विस आणि मेलो या दोघांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मर्यादेपेक्षा १० मैल जास्त वेगाला दंड एकदम वाढतो. नोंदींत मात्र नेमक्या ९ मैल जास्त वेगाच्या पावत्यांचा ढीग दिसला. म्हणजे पोलीस दया दाखवून आकडा खाली लिहीत होते. पण ती दया गोऱ्या चालकांच्या वाट्याला जास्त आणि कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या चालकांच्या वाट्याला कमी येत होती. न्यूयॉर्कमध्ये तर पोलीस आपल्या नातेवाइकांना आणि मित्रांना छापील कार्डेच देतात, चौकात दाखवायला. अशी कार्डे न जुमानता चलन फाडणाऱ्या मॅथ्यू बियांकी या पोलिसाला आपली बदली झाली म्हणून खटला भरावा लागला. २०२४ मध्ये त्याला १,७५,००० डॉलर मिळाले. दया ही मर्जीवर सोडली, की ती आधी ओळखीच्यांकडे आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्यांकडे वळते, हे या दोन्ही प्रकरणांतून दिसते.

आपल्या शहरात हीच गोष्ट कशी घडते बघा. एप्रिल-मेच्या उन्हात इथली बाई स्कार्फ बांधून, सनकोट घालूनच गाडी चालवते. आतला युनिफॉर्म दिसतच नाही. कुणी बुरखा घालून निघते आणि ड्युटी रूममध्ये कपडे बदलते. तिला पाहून नर्स म्हणून कोण हात हलवणार? ब्रदरची तर आणखी पंचाईत. रात्री अकराला जीन्स-टीशर्टमध्ये बाइकवरून जाणारा पंचविशीतला मुलगा आयसीयूचा ब्रदर आहे, हे चौकात पटवून देणे सोपे नाही. कक्षसेविका मावशी, ओटी साफ करणारा कामगार, एक्स-रे टेक्निशियन, लॅबचा मुलगा यांच्याशिवाय वॉर्ड एक तास चालणार नाही, पण त्यांच्या पेशाला तो मान मिळत नाही. म्हणजे जी सवलत आपण 'नर्सची' म्हणतो, ती खरे तर युनिफॉर्म दिसणाऱ्या, थोड्या वयस्क, सरकारी दवाखान्यातल्या, नीट बोलू शकणाऱ्या बाईची आहे. तुटपुंज्या पगारावर छोट्या दवाखान्यात बारा तास राबणाऱ्या मुलीला ती मिळेलच असे नाही, आणि दंड सर्वात जास्त लागतो तो तिलाच.

तरीही सिस्टर घाईत का असते, हे समजून घेतल्याशिवाय तिला दोष देणे अन्यायाचे होईल. सकाळची ड्युटी आठला, म्हणजे शाळेच्या रिक्षा, वाळूजच्या कंपन्यांच्या बस आणि ऑफिसची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर. घाटीकडे खाम नदीपलीकडून येणाऱ्याला नदीवरचे अरुंद पूल आणि मकाई गेट, महमूद दरवाजा ओलांडावे लागतात. त्या कमानीखालून एक मोठी गाडी शिरली की मागे रांग लागते. वॉर्डात नाइटची सिस्टर ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवायला, थांबलेली असते. ती ओव्हर दिल्याशिवाय जाऊ शकत नाही. म्हणजे एकीच्या दहा मिनिटांच्या उशिराने दुसरीची बारा तासांची रात्र आणखी लांबते. वर मस्टर आणि लेट मार्क आहेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स हवी. ज्यांनी सरकारी वॉर्ड रात्री पाहिला आहे, त्यांना हे प्रमाण कागदावरच राहते, हे वेगळे सांगायला नको. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, त्यामागेही ही माणसांची टंचाई होती. राँग साइडने शिरण्याचा मोह इथून जन्मतो. मोह समजतो. पण समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या बापाला आणि त्याच्या पुढ्यात उभ्या लेकराला तो समजून घ्यायला वेळ मिळत नाही.

आणि सकाळी आठनंतर नाइट संपवून परतणाऱ्या सिस्टरचे काय? या सगळ्या चर्चेत मला सर्वात जास्त काळजी तिची वाटते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८९५ नर्सनी चार आठवडे आपल्या ड्युटीची, झोपेची आणि प्रवासाची नोंद ठेवली. त्यांतल्या ५९६ जणींना या काळात गाडी चालवताना निदान एकदा तरी डुलकी किंवा झापड आली होती. त्या बहुधा चारचाकीत होत्या. आपली सिस्टर स्कूटीवर असते, अंगावर धातूचा पत्रा नसतो, आणि जालना रोडवर बस तिच्या खांद्याला घासून जाते. २०१६ च्या सुरुवातीला तत्कालीन पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरात हेल्मेटसक्ती लावली, तेव्हा मोठी ओरड झाली. पुढे ती मोहीम मंदावली, मध्येच जागी होत राहिली. आकडे मात्र थांबलेले नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातात गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मोटरसायकलस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असे कोक्रेन या संशोधन संस्थेच्या आढाव्यात जगभरच्या अभ्यासांवरून दिसले आहे. रात्रभर जागलेल्या, हेल्मेट नसलेल्या बाईला "जाऊ द्या, सिस्टर आहेत" म्हणून सोडणारा पोलीस तिच्यावर दया करत नाही. तो तिला तिच्याच वॉर्डाकडे पेशंट म्हणून परत पाठवण्याचा धोका पत्करतो.

म्हणून माझे मत असे आहे. गुन्ह्याला सूट नको. वेळेला सूट हवी. पूर्वी पावती फाडायची म्हणजे गाडी बाजूला, चावी काढून घेतलेली, साहेब येईपर्यंत थांबा, मग घासाघीस, असा अर्धा तास जायचा. त्या पद्धतीत सिस्टरला सोडून देणे हाच माणुसकीचा मार्ग वाटणे स्वाभाविक होते, कारण दंडापेक्षा खोळंबा मोठा होता. ई-चलनाने तो प्रश्नच संपवायला हवा. गाडीचा नंबर घ्या, चलन टाका, तिला दोन मिनिटांत मोकळी करा. चावी हिसकावण्याची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने पोलिसांना खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करण्यास मनाई केली, तीही योग्यच. व्यवहार यंत्रावर झाला तर नोंद राहते आणि नोंद राहिली तर ओळखीपाळखीला जागा उरत नाही. दंड चुकीचा वाटला तर तक्रार करता येते, न्यायालयात जाता येते. हे आयकार्ड पुढे करण्यापेक्षा कितीतरी सन्मानाचे आहे. ही दोन मिनिटांची वागणूक ब्रदरला, मावशीला, सफाई कामगाराला, आणि खरे तर रोजंदारीवर निघालेल्या प्रत्येकालाच मिळाली पाहिजे.

दवाखान्यांचीही यात मोठी जबाबदारी आहे आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने ठरावीक संख्येने कामगार असलेल्या ठिकाणी रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम द्यायचे, तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि ने-आणीची सोय बघणे मालकावर टाकले आहे. किती खासगी दवाखाने सिस्टरसाठी गाडी सोडतात, हे प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःला विचारावे. २०१९ पासून शहरात स्मार्ट सिटी बस धावते आहे. ड्युटी बदलण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: आठ, दोन, आठ. त्या वेळांना सिडको, हडको, मुकुंदवाडी, पडेगावकडून घाटी आणि चिकलठाण्याच्या रुग्णालयापर्यंत भरवशाची बस मिळाली, तर कितीतरी जणी स्कूटी घरी ठेवतील. ओव्हरच्या वेळी पंधरा मिनिटांची मुभा मस्टरमध्येच द्यावी, म्हणजे राँग साइडला शिरण्याचे कारणच उरणार नाही. नाइटनंतर ज्यांना झापड येते त्यांना तासभर पडायला एखादी स्वच्छ खोली द्यावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

वाहतूक शाखेला आणि रुग्णालयांच्या मेट्रनना माझी विनंती आहे, की त्यांनी एकदा एकत्र बसून या वेळा, हे मार्ग आणि ही दोन मिनिटांची पद्धत ठरवून टाकावी. आणि सिस्टर, तुम्हाला एवढेच सांगणे आहे: उद्या चौकात हात आडवा आला तर गाडी बाजूला घ्या, डिजिलॉकर उघडा, चलन असेल तर घ्या, आणि निघण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली बांधलाय ना, ते पाहा.